मागणी ते वाचन : एका विद्यापीठ ग्रंथालयाच्या दिव्यांग कक्षाचे परीक्षण

माझा एक संशोधक मित्र सकाळी अकराला ग्रंथालयात येतो, संगणकावर पुस्तकाचा बोधांक, म्हणजे मांडणीवरील जागेचा क्रमांक, पाहतो, दालनात जाऊन मांडणीवरून पुस्तक काढतो आणि साडेअकराच्या आत त्याची टिपणे सुरू झालेली असतात. तेच पुस्तक त्याच दिवशी मी मागितले, तर ते मला वाचता येण्याजोग्या स्वरूपात कधी तीन दिवसांनी मिळते, कधी तीन आठवड्यांनी, आणि दोनदा तर मिळालेच नाही. अंध वाचकाला एखादे ग्रंथालय किती उपयोगी आहे हे ठरवताना तिथे यंत्रे किती आहेत किंवा कक्षाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, याचा मी विचार करत नाही. मागणी नोंदवल्यापासून वाचन सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, एवढेच मोजतो. पुढील परीक्षण याच मोजमापाने केले आहे.

महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील दिव्यांग कक्ष मी गेली चार वर्षे वापरत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या माणसांनी मला मनापासून मदत केली त्यांच्याच विभागातील उणिवांविषयी मला लिहायचे आहे. माझा विषय एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके हा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारामुळे विशीनंतर माझी दृष्टी हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ब्रेल मी उशिरा शिकलो, त्यामुळे बोटांचा वेग बेताचा आहे आणि माझे बहुतेक सगळे वाचन कानांनी होते.

यंत्रसामग्रीबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. कक्ष तळमजल्यावर आहे, प्रवेशद्वारापासून तिथपर्यंत स्पर्शपट्टी आहे, आणि सहा संगणकांवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, बसवलेला आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यामुळे परवाना संपला म्हणून संगणक मुका झाला, असा प्रसंग येत नाही. जॉज हे जुने आणि विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर आहे आणि ज्यांना त्याची सवय आहे त्यांच्यात त्या खुर्चीसाठी रांग असते. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी अक्षर मोठे करून दाखवणारा व्हिडिओ मॅग्निफायर आहे, वरून कॅमेऱ्याने पान टिपणारा स्कॅनर आहे, आणि ब्रेल छापणारे यंत्रही आहे; ते चालू झाले की शेजारच्या वाचनकक्षातून कोणीतरी येऊन दार लावून घेते, इतका त्याचा आवाज होतो. २० घरांचा ऑर्बिट रीडर आहे. त्यावर फाइल टाकली की टिंबे वर येतात आणि कागदाशिवाय ब्रेल वाचता येते. पण तो कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी दोनला जेवायला जातात. महाग वस्तू जपून ठेवण्याची आपली जुनी सवय इथेही सुटलेली नाही.

या संगणकांवर मराठी ऐकणे हा मात्र वेगळा अनुभव आहे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या कृत्रिम आवाजात मराठीची सोय आहे, तो आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, तरीही वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत म्हणून अनुभवी वापरकर्ते त्यालाच धरून असतात. नव्या विद्यार्थ्यांना तो सहन होत नाही. ते विंडोजमधला हिंदी आवाज लावतात आणि मराठी पुस्तक हिंदी जिभेने ऐकतात. त्या जिभेला मराठीतील दोन प्रकारचे ‘च’ आणि ‘ज’ ठाऊक नसतात, म्हणून ‘चांदणे’तला च ‘चंद्रा’तल्या चसारखा उच्चारला जातो. कथा-कादंबरीत हे खटकत राहते. वैचारिक गद्यात काही दिवसांनी कान सरावतो. कक्षातील मॅडमनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या सदस्याला दोन्ही आवाज ऐकवून निवड करायला लावण्याची पद्धत सुरू केली आहे, आणि ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पूर्वी ‘हे असेच बोलते’ असे सांगून मुलांना बसवले जात असे आणि त्यातली निम्मी परत येत नसत.

यंत्र आहे, आवाज आहे. आता त्याला वाचायला मजकूर हवा, आणि खरी अडचण इथून सुरू होते. इंग्रजी वाचकाला ती फारशी जाणवत नाही. ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या इंग्रजी नियतकालिकांचे लेख बहुधा थेट वाचता येतात, आणि माझ्या अर्थशास्त्राच्या मित्राचा मागणी ते वाचन हा काळ अनेकदा शून्य दिवसांचा असतो. मराठीचे तसे नाही. आमच्या ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात मराठी प्रबंध आणि दुर्मीळ ग्रंथ पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी बरेचसे केवळ पानांची छायाचित्रे आहेत. डोळस माणसाला ते पुस्तकच वाटते. स्क्रीन रीडर मात्र ‘कोरे पान’ एवढेच सांगून गप्प बसतो. दुसरा प्रकार त्याहून चमत्कारिक आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वी, आणि खरे तर त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे, ज्यात पडद्यावर देवनागरी दिसते पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. असा प्रबंध उघडला की एनव्हीडीए अत्यंत गांभीर्याने डॉलर, स्वल्पविराम, कंस आणि कॅपिटल अक्षरे वाचू लागतो. ज्या वर्षी माझ्या विषयावरील सर्वांत उपयुक्त प्रबंध सापडला, त्या वर्षी तो मला असाच ऐकू आला. फाँट बदलून देणारी साधने आहेत, ती कक्षात बसवलेलीही आहेत, आणि त्या प्रबंधापुरते उत्तर चार दिवसांत मिळाले. पण प्रबंध स्वीकारतानाच युनिकोड फाइल मागितली असती तर हे चार दिवसही लागले नसते.

छापील पुस्तकाचे स्कॅनिंग आणि त्यावरून अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, हे या कक्षाचे मुख्य काम आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. अलीकडच्या स्वच्छ छपाईच्या पुस्तकावर मराठी ओसीआर बऱ्यापैकी चालते. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ते अडखळते आणि शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर लिहून, छापलेल्या पानावर जवळजवळ हात टेकते. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चे एक पान मी प्रयोग म्हणून कोणतीही दुरुस्ती न करता ऐकले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे वाक्य मुळातच लांब असते. त्यात ओसीआरने दोन ठिकाणी नसलेले पूर्णविराम घातले, तळटीप वाक्याच्या मध्यभागी घुसवली आणि ‘ख’चा जागोजागी ‘रव’ केला. ‘खरे’ हा शब्द ‘रवरे’ असा ऐकू आला तरी मी तो ओळखतो, कारण मी एकेकाळी डोळ्यांनी वाचत होतो आणि जुन्या खिळ्यांत ख कसा सुटा दिसतो हे मला आठवते. माझी एक मैत्रीण जन्मांध आहे. तिने देवनागरी अक्षर कधी पाहिलेलेच नाही, त्यामुळे ‘रवरे’वरून ‘खरे’पर्यंत जायला तिच्याकडे वाटच नाही. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्या गोंधळाचेही तेच, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की सह्याद्रीतील वाटसरू थेट समुद्रात पोहोचतो. ओसीआरच्या चुका या डोळ्यांच्या चुका असतात आणि त्या कानाने दुरुस्त करता येत नाहीत, हे कक्षाची योजना आखणाऱ्यांना बहुधा कोणी सांगितले नसावे, कारण सुरुवातीची दोन वर्षे स्कॅन केलेला मजकूर जसाच्या तसा आमच्या हाती दिला जात असे.

आता तसे होत नाही, आणि याचे श्रेय ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुलांना द्यावे लागेल. ग्रंथालयात पुस्तके झाडणे, बोधांकाच्या चिठ्ठ्या चिकटवणे अशी कामे करणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी चौघांना दिव्यांग कक्षात नेमले आहे. ते पान आणि ओसीआरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून दुरुस्ती करतात, तळटिपा वेगळ्या काढतात आणि प्रत्येक पानाच्या आरंभी मूळ पृष्ठांक टाकतात. ही शेवटची गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण पृष्ठांकाशिवाय संदर्भ देता येत नाही आणि संदर्भाशिवाय प्रबंध लिहिता येत नाही. बाहेरून मिळालेल्या कित्येक उत्तम ध्वनिपुस्तकांचा मला संशोधनात उपयोग झाला नाही तो याच एका कारणाने. चौघांपैकी एक मुलगा परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला आहे. दुरुस्ती करताना अडलेला शब्द तो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्याच्या तोंडून एकोणिसाव्या शतकातील पुणेरी गद्य ऐकताना जी मजा येते ती कोणत्याही कृत्रिम आवाजात येणार नाही. एक तासात तो साधारण सात-आठ पाने तयार करतो. त्याला तासाप्रमाणे मिळणारे मानधन तुटपुंजे आहे, आणि हे काम पुस्तके झाडण्याच्या कामाच्याच दराने मोजले जाते, हे मला अयोग्य वाटते.

या व्यवस्थेतील मोठी फट अशी की दुरुस्ती करणारे स्वतःच विद्यार्थी आहेत. परीक्षा आल्या की त्यांच्याही आल्या, आणि जेव्हा आम्हाला मजकुराची सर्वाधिक निकड असते नेमके तेव्हाच चारही खुर्च्या रिकाम्या असतात. गेल्या चार वर्षांत माझ्या ज्या मागण्यांना तीन आठवडे लागले, त्या सगळ्या मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या होत्या. एक पूर्णवेळ माणूस नेमला तर हा प्रश्न सुटेल, असे कक्षातील मॅडम दरवर्षी लेखी कळवतात.

स्कॅन करून देणे कायदेशीर आहे का, असा प्रश्न इथे कोणी विचारत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर्वी एका दुसऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात मला ‘कॉपीराइट आहे’ या दोन शब्दांवर परत पाठवण्यात आले होते, आणि तेव्हा उत्तर देण्याइतकी माहिती माझ्याकडे नव्हती. ती अशी आहे. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपातील प्रत तयार करण्याची मुभा दिली आहे. स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी अशी प्रत कोणीही करून देऊ शकते, नफा न घेता संस्थाही करू शकतात, आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्यानंतर २०१३ मध्ये अंध आणि दृष्टिबाधित वाचकांना सुगम प्रती मिळाव्यात यासाठीचा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी तो करार अंमलात आला, ज्यामुळे अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येतात. आमच्या कक्षात या कलमाची मराठी प्रत दारावर लावली आहे. ब्रेलमध्ये मात्र नाही, त्यामुळे ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते.

कक्षामार्फत सुगम्य पुस्तकालयाचे सदस्यत्वही मिळते. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, सुगम पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांचा डेझी फोरम ऑफ इंडिया हा मंच आणि टीसीएस यांनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेले हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, आणि तिथून पुस्तक उतरवून घ्यायला काही मिनिटे पुरतात. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांसाठी माझ्या मित्रांना ते फार उपयोगी पडते. मी शोधलेल्या जुन्या मराठी ग्रंथांपैकी मोजकेच तिथे सापडले. यात ग्रंथालयाचा दोष म्हणावा तर एकच : आमच्या कक्षात इतकी मेहनत घेऊन तयार झालेल्या फाइली कक्षाच्याच संगणकावर पडून राहतात, त्या पुढे कोणत्याही सामायिक भांडारात जात नाहीत, आणि उद्या दुसऱ्या विद्यापीठातील एखाद्या अंध विद्यार्थ्याने तेच पुस्तक मागितले तर तिथला कोणीतरी मुलगा पुन्हा पहिल्या पानापासून ‘रवरे’चे ‘खरे’ करत बसेल. शब्दकोशांच्या बाबतीत तर मी ग्रंथालयाकडे जाणेच सोडले आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात आहेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो, आणि ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातले त्याच ग्रंथांचे जाडजूड खंड माझ्या दृष्टीने फक्त वजनदार आहेत.

मागणी नोंदवण्याची पद्धत मात्र हसावे की रडावे अशी आहे. ग्रंथालयाचा संगणकीय तालिकाशोध कळफलकाने चांगला चालतो, पुस्तक आहे की नाही, कोणी नेले आहे का, हे मला कोणाच्या मदतीशिवाय कळते. पण पुस्तक सापडल्यानंतर स्कॅनिंगची मागणी तिथूनच करता येत नाही. त्यासाठी कक्षात एक कागदी नोंदवही आहे. अंध वाचकांच्या मागण्यांची ही नोंदवही एकाही अंध वाचकाला वाचता येत नाही. आपला क्रमांक कितवा आहे हे विचारायचे असेल तर परिचर मामांना गाठावे लागते, आणि मामा चष्मा विसरले असतील तर दुसऱ्या दिवशी. मामांविषयी तक्रार नाही, उलट वरच्या मजल्यावरून जड बांधीव अंक खाली आणून देताना त्यांनी कधी कपाळाला आठी पाडली असेल असे त्यांच्या आवाजावरून तरी वाटले नाही. अलीकडे मॅडमनी स्वतःच्या पुढाकाराने व्हॉट्सॲपवर मागणी स्वीकारायला सुरुवात केली आहे, तेव्हापासून माझा सरासरी एक दिवस वाचतो.

इतर दिव्यांग वाचकांविषयी मी ऐकीव आणि म्हणून थोडक्यातच लिहू शकतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या मते उताराचा चढ योग्य आहे, १२ फूट लांबीला १ फूट हे प्रमाण पाळलेले आहे, पण आत आल्यावर पुस्तकचोरी रोखण्यासाठी बसवलेल्या फाटकातून तिची खुर्ची जात नाही आणि तिला प्रत्येक वेळी रक्षकाकडून बाजूचे दार उघडून घ्यावे लागते. लिफ्ट आहे, पण जुन्या नियतकालिकांचे दालन अर्ध्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट थांबत नाही. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था जवळजवळ नाही; ग्रंथालयाची ओळख करून देणाऱ्या चित्रफितीला उपशीर्षकेसुद्धा नाहीत, आणि देवघेव विभागात सगळा संवाद कागदावर लिहून होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला, पण आमच्या कक्षाच्या सदस्यत्व अर्जात अजून जुनेच रकाने आहेत. वाचनात अडचण असलेल्या एका मुलाला ‘तुला तर दिसते’ असे म्हणून परत पाठवलेले मी स्वतः ऐकले आहे. त्याला नंतर सदस्यत्व मिळाले, मात्र विभागप्रमुखांचे पत्र आणल्यावर.

ज्यांचे वाचन मुख्यतः इंग्रजी आहे किंवा गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मराठी पुस्तकांपुरते आहे, त्यांनी निःशंकपणे या कक्षाचे सदस्य व्हावे. जुन्या मराठीवर काम करणाऱ्यांनीही व्हावे, पण मागण्यांची यादी जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्येच द्यावी आणि संपूर्ण पुस्तक मागू नये. मॅडमनी यंदापासून हप्त्याहप्त्याने मजकूर द्यायला सुरुवात केली आहे : पहिली ३० पाने तयार झाली की ती लगेच पाठवतात आणि उरलेले काम चालू राहते. माझ्या मोजमापाने पाहिले तर याच एका बदलामुळे सेवा दुपटीने सुधारली, आणि त्यासाठी एकही नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. गेल्या सोमवारी मी एका बांधीव खंडाची मागणी केली, गुरुवारी संध्याकाळी पहिला हप्ता फोनवर आला आणि रविवारी रात्री तो ऐकून संपला. परभणीच्या मुलाची सत्रपरीक्षा पुढच्या आठवड्यात सुरू होते. पान ३१ त्याआधी येईल असे त्याने सांगितले आहे.